नानांची गिनती

यंदा येळवशीला गावाकडं गेलो. शेतात कडब्याची कोपी बांधलेली, आत पाच पांडव मांडलेले, भज्जीचं पातेलं, उंडे, गव्हाची खीर, आंबिलीचं बिंदगं, सगळं दरवर्षीसारखंच होतं, फक्त जेवायला बसताना कोपीच्या तोंडाशी उजव्या हाताची जागा तेवढी मोकळी राहिली. कोणी ठरवून ठेवली नव्हती पण तिथं कोणी बसेना. नाना तिथं बसायचे. पाठ कडब्याला, तोंड बाहेर, बांधावरून कोण येतंय ते आधी त्यांना दिसायला पाहिजे. पोरं मध्ये आली की म्हणायचे, "सरक, पुढचं दिसू दे."

लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या लोकांना येळवस म्हणजे काय ते सांगावं लागतं. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात कारण अख्खं गाव शेतात असतं. पिकावर आंबील शिंपडत, "ओलगे ओलगे सालम पोलगे" ओरडत रानाला फेरी मारायची, मग जेवायचं, ओळखीचा-अनोळखी जो बांधावरून जाईल त्याला हात धरून जेवायला बसवायचं. नानांचा सगळ्यात आवडता सण. दिवाळीला ते कधी नवे कपडे घालायचे नाहीत, येळवशीला घालायचे.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. औसा तालुक्यातलं आमचं गाव, नऊ एकर कोरडवाहू काळी. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जिला जंगी पलटण म्हणतात, त्या पलटणीत ते हवालदार होते. १९७१ च्या लढाईत त्यांना सेना मेडल मिळालं. १९७९ ला रिटायर होऊन आले ते चाळीसच्या वर वर्षं शेतीच केली. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं आणि मी हे लिहायला इतके दिवस घेतले कारण मला वाटायचं मला त्यांच्या लढाईबद्दल काहीच माहीत नाही. घरात कुणालाच नव्हतं. ते का माहीत नव्हतं आणि शेवटी कुणाकडून कळलं, हेच मला सांगायचंय.

मेडल एका पत्र्याच्या काळ्या ट्रंकेत असायचं. गोल, चांदीचं, लाल रिबीन आणि तिच्यात मधोमध बारीक पांढरी रेघ. दर २६ जानेवारीला ते पांढऱ्या सदऱ्यावर लावून नाना जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचे, झेंडावंदन झालं की पोरं भोवती जमायची, मेडल कशाचं आजोबा, किती माणसं मारली आजोबा. नाना काही सांगायचे नाहीत. मेडल काढून आडवं धरायचे आणि कडेला जे बारीक कोरलेलं असतं, नंबर, रँक, नाव, ते पोरांकडून वाचून घ्यायचे. "आधी नंबर वाच, मग नाव." मी पाचवीत असताना विचारलं होतं की नंबर आधी कामून? म्हणाले, "एका नावाचे पलटणीत तीन-तीन राहतेत. नंबर एकाचाच राहतो." झालं, एवढंच. मेडल परत ट्रंकेत.

१९६२ च्या चीनच्या लढाईनंतर फौजेत भरती वाढली, त्यात १९६३ ला ते गेले. एकोणीस वर्षांचे होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका, आणि लातूरहून निघायची ती बार्शी लाइटची छोटी नॅरोगेज गाडी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेला जायची. मिरजेहून दुसरी गाडी धरून बेळगाव. तिथं मराठा रेजिमेंटचं सेंटर. आजीने बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी मिरजेपर्यंत पुरल्या असं नाना सांगायचे, आणि ही गोष्ट ते अगदी तपशिलात सांगायचे, कुठल्या स्टेशनवर कितवी भाकरी खाल्ली ते सुद्धा. निघताना चटणी किती होती, पाणी कुठं मिळालं. पण त्याच्यापुढची आठ वर्षं एका वाक्यात.

लढाईबद्दल ते आम्हाला एकच गोष्ट सांगायचे आणि ती पण शेतीची. पूर्व पाकिस्तानात ते डिसेंबरात घुसले तेव्हा तिकडं भाताची कापणी चालू असते. काही शिवारं कापलेली, काही उभी. पिकलेलं भात उभं, लोंब्या वाकलेल्या, दाणा गळायला लागलेला आणि गावात माणूस नाही. "पिकलेलं रान टाकून कुणबी पळतो म्हणजे त्यानं काय बघितलं असंल, सांग बरं." हे बोलताना ते आपल्याकडं बघायचे नाहीत, समोर रानात बघायचे. सुगीच्या दिवसांत हमखास ही गोष्ट निघायची. आम्ही ऐकून ऐकून कंटाळायचो. आता वाटतं की त्यांना जेवढं सांगायचं होतं त्यातलं बरंच ते त्यातच सांगत होते.

लढाई संपली १९७१ च्या डिसेंबरात, आणि पुढच्याच वर्षी पाऊस गेला. बहात्तरचा दुष्काळ आमच्या भागात काय होता हे आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडून ऐकलंय, विहिरीच्या तळाला वाटीनं पाणी भरायचं, रेशनला ती अमेरिकेची लाल मिलो, आणि कामावर सुकडी. नाना १९७३ च्या उन्हाळ्यात सुट्टीवर आले तर आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. पोराला सरकारने मेडल दिलेलं आणि आई सरकारच्याच कामावर रोजंदारीनं खडी फोडतेय, यात नानांना काही वावगं वाटलं नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी पलटणीचे बूट घालून ते पण तिच्या शेजारी जाऊन बसले. दोन महिने सुट्टी होती, दोन्ही महिने खडी फोडली. तो पाझर तलाव अजून आहे. रिटायर झाल्यावर दर उन्हाळ्यात त्यातला गाळ बैलगाडीनं आणून नाना आमच्या वरच्या मुरमाड तुकड्यात टाकायचे, दिवसाला तीन खेपा, चौथी नाही, बैल दमतात म्हणून. आज त्या तुकड्यात तूर माझ्या छातीला लागते.

आता मला त्यांना देव करायचं नाही. माणूस हट्टी होता. थोरल्या पोरानं फौजेत जावं हा हेका, त्यानं बीएड केलं तर वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. आणि आमच्या बांधाला बांध असलेले आप्पा, त्यांच्याशी दीड हात बांधावरून केस, औशाच्या कोर्टात तारखांवर तारखा. दोन घरांचं येणंजाणं बंद. येळवशीला बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला हात धरून जेवायला आणणारे नाना पंधरा पावलांवरच्या आप्पांच्या कोपीकडं बघायचे पण नाहीत. हे मला लहानपणी फार खटकायचं आणि अजून खटकतं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आमच्या माळवदाची एक भिंत फुगली, पण पडली नाही. किल्लारीकडचं कळलं तसं उजाडायच्या आत नाना आणि माझे वडील निघाले. तिकडची घरं पण आमच्यासारखीच, दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर लाकडावर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वर माती चढवत आलेले लोक, तीच माती अंगावर आली. सगळे ओरडत होते, रडत होते, जिथं हात पोचेल तिथं उकरत होते. वडील सांगतात, नानांनी पहिल्यांदा काय केलं तर ओरडून सगळ्यांना गप केलं. मग त्या घरातल्याच एकाला विचारलं, आत कोण कोण आहे, नावं सांग. एक-एक नाव घेऊन ढिगाऱ्यावर आडवं पडून हाक मारायची, मग मनात तीस आकडे मोजायचे, तोपर्यंत कोणी हलायचं नाही, कोणी बोलायचं नाही. आवाज आला तर तिथं उकरायचं. नाही आला तर दुसरं नाव. "तीसच कामून?" वडिलांनी विचारलं. नाना म्हणाले, "घाबरलेल्या माणसाला आवाज फुटायला येळ लागतो."

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दोन ठिकाणी आवाज आला. बाकी ठिकाणी नाही आला. मग फौज आली, पाऊस पण लागला. नाना आठ दिवसांनी परत आले, आवाज पूर्ण बसलेला. महिनाभर खुणांनी बोलायचे.

मला वाटतं गिनती खरी तिथून सुरू झाली असणार पण गावात ती दिसली २०१४ नंतर. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली, काढणीला आलेला हरभरा, ज्वारी सगळं झोपलं. त्यानंतर लागोपाठ दोन पावसाळे गेले. २०१६ च्या एप्रिलात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ती गाडी मिरजेहून आली होती. रूळ आता रुंद झालेत पण वाट तीच, ज्या वाटेनं नाना भाकरी बांधून बेळगावला गेले होते. टीव्हीवर ते टँकरचे डबे दाखवत होते, नाना बघत होते, म्हणाले, "मिरजेहून लातूर म्हणजे ह्या पाण्याला कुर्डुवाडी लागली असंल," आणि उठून बाहेर गेले.

त्या दोन-तीन वर्षांत आमच्या पंचक्रोशीत काय काय झालं ते मी इथं लिहीत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. पेपरात रोज असायचं.

तर नाना दिवस मावळला की निघायचे. सत्तरी ओलांडलेली, हातात बॅटरी आणि काठी. आमच्या गल्लीपासून सुरुवात, मग खालची आळी, मग वस्तीवरची घरं. प्रत्येक दारापुढं उभं राहून कर्त्या माणसाचं नाव घेऊन हाक मारायची, "हाईस का रे?" आतून, "हाव नाना." की पुढं. घरात जायचे नाहीत, चहा घ्यायचे नाहीत, कर्ज किती, पेरणीचं काय, पोरीच्या लग्नाचं काय, काही विचारायचं नाही. सुरुवातीला लोकांना कळेना. कोणी म्हणालं म्हातारपणी असं होतं. मग सवय झाली, मग लोक वाट बघायला लागले, पोरं नाना यायच्या आधीच ओरडायला लागली हाव हाव म्हणून, पण नानांना पोरांचं चालायचं नाही, ज्याचं नाव घेतलं त्यानंच ओ द्यायची. मी पुण्यात असायचो. सुट्टीला गेलो की बरोबर जायचो. एकदा म्हटलं, नाना हे असं रोज कशाला, फोन लावायचा. म्हणाले, "फौजेत रोज सांजंला गिनती राहती. फॉलिन व्हायचं, नाव आलं की बोलायचं. दिवसभर काय बी होऊ दे, गिनती चुकत नाही." मला ते फौजी सवयीसारखं वाटलं. मी पुढं विचारलं नाही, आणि याचं मला आज फार वाईट वाटतं.

आणि त्या गिनतीत आप्पांचं घर होतं. केस चालू होती. तारखेला दोघं एकाच एसटीनं औशाला जायचे, एक पुढं बसायचा एक मागं. आणि संध्याकाळी नाना त्यांच्या दारापुढं उभं राहून हाक मारायचे, आप्पा आतून तुसडेपणानं "हाव" म्हणायचे.

नाना गेले तेव्हा तालुक्यातले माजी सैनिक आले, तिरंगा घातला, सगळं रीतसर झालं. दहाव्याला तेरणेच्या काठी पिंड ठेवला, कावळा शिवायला वेळ लागत होता, सगळे बसून होते. आणि आप्पा बोलायला लागले. कुणी विचारलं नव्हतं. खाली मान घालून, काडीनं मातीत रेघा मारत.

२०१६ च्या मे महिन्यातली एक संध्याकाळ. नानांनी हाक मारली, आप्पांनी ओ दिली नाही. घरात बाकी कोणी नव्हतं, लग्नाला गेलेले. नाना उभे राहिले, परत हाक मारली, मग दार ढकलून सरळ मागं गोठ्यात गेले. गोठ्यात जनावर नव्हतं, सगळी विकलेली. आप्पा दावणीत बसलेले आणि समोर औषधाचा डबा. आप्पा म्हणाले, मी झाकण पण उघडलं नव्हतं, नुसता बघत होतो, पण किती वेळ बघत होतो ते मला माहीत नाही. नानांनी डबा उचलला, बाहेर नेऊन ठेवला, आत येऊन त्यांच्या शेजारी दावणीत बसले. बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "झोपायचं नाही. मी तुला एका रातीचं सांगतो."

आणि सकाळपर्यंत सांगितलं. जे आम्हा घरच्यांना पन्नास वर्षांत सांगितलं नाही ते सगळं त्या माणसाला सांगितलं.

आप्पांनी सांगितलेलं मी नंतर पुस्तकांशी जुळवून बघितलं, बहुतेक जुळतं. मेघालयाच्या बाजूनं कमालपूर, बक्षीगंज करत ब्रिगेड खाली उतरली. पुढं जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठावर जमालपूर, त्यात पाकिस्तानच्या बलुच रेजिमेंटची पलटण पक्के मोर्चे करून बसलेली. जंगी पलटण नदी ओलांडून वळसा घालून जमालपूरच्या मागं गेली आणि टांगाईलकडं जाणारा रस्ता अडवून बसली. पलटणीचे सीओ, म्हणजे प्रमुख, कर्नल कुलदीपसिंग ब्रार, पुढं ते लेफ्टनंट जनरल झाले. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी जमालपूरला चिठ्ठी पाठवली की शरण या, तर उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. मग १० डिसेंबरच्या रात्री ती पलटण जमालपूर सोडून रस्त्यानं बाहेर पडायला निघाली, आणि रस्त्यावर नाना होते.

नाना त्या रात्री किती गोळ्या झाडल्या ते सांगत नव्हते, आप्पा म्हणाले. ते सांगत होते की कडाक्याची थंडी होती, मोर्चात पायाखाली चिखल होता, खिशात शक्करपारे होते आणि ते दातानं फुटत नव्हते. अंधारात माणसं लाटेवर लाट येत राहिली. शेजारच्या मोर्चातून एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, चालू होती, मध्येच ती थांबली. नाना आपला मोर्चा सोडून रांगत तिकडं गेले. एलएमजीवर जो होता तो सोलापूरकडचा, भरतीपासूनचा जोडीदार. त्याला बाजूला सरकवलं आणि उजाडेपर्यंत ती एलएमजी नानांनी चालवली. मेडल त्याचं. पण नाना आप्पांना म्हणाले ते असं, आप्पांनी शब्द तेच ठेवले असावेत: "त्याला बाजूला सारताना मी त्याला हाक मारली नाही. येळ नव्हता. सकाळी गिनती झाली. नंबर घेतला, नाव घेतलं. त्याच्या नावाला कोणी बोललं नाही. मग मला वाटलं, रातच्याला हाक मारली असती तर काय सांगावं, बोलला असता."

हे ऐकून तेरणेच्या काठावर आम्ही सगळे खाली बघत बसलो. माझे वडील उठून लांब जाऊन उभे राहिले. कावळा कधी शिवला ते मी बघितलं नाही.

आप्पा पुढं बोलत होते. जमालपूर पडल्यावर जंगी पलटण टांगाईलकडं पळत सुटली, तिथं ११ तारखेला पुंगलीच्या पुलाजवळ आपली २ पॅरा ही छत्रीधारी पलटण विमानांतून उतरली होती. ती पलटण म्हणजे मुळातली तिसरी मराठा. दुसऱ्या दिवशी दोन्ही पलटणी भेटल्या तेव्हा परक्या मुलखात, अंधारात, पुलाजवळ कोणीतरी नानांना मराठीत विचारलं, कोण गाव? "तवा पहिल्यांदा रडलो," नाना म्हणाले म्हणे. मग पहाट झाली, नाना उठले, डबा घेतला आणि जाताना म्हणाले, "केस चालूच राहील. बांध माझाच हाय." केस अजून चालू आहे.

हे सगळं नानीला कळल्यावर तिला काही आश्चर्य वाटलं नाही. ती तिच्या येळवशीचं सांगायला लागली. १६ डिसेंबर १९७१, गुरुवारी संध्याकाळी ढाक्यात शरणागती झाली, आणि दुसऱ्याच दिवशी, १७ ला, येळवस होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं. गावात पाटलांकडं रेडिओ, सगळं गाव नाचलं. "ढाका पडलं म्हणून सांगितलं रेडिओनं. आमचा माणूस हाय का नाही ते थोडंच सांगत होता." दिवाळीपासून पत्र नव्हतं. सासूनं कोपीत एक पान जास्तीचं वाढलं, कुणी काही बोललं नाही, सांजंला हेंडगा पेटवून रानाला फेरी मारली आणि ते पान बैलांना घातलं. पत्र आलं संक्रांतीनंतर. निळं अंतर्देशीय. चार ओळी, त्यात दोन ओळी ज्वारीबद्दल.

यंदा जेवणं झाल्यावर मी रानातच थांबलो, नानी आणि वडील आधी घरी गेले. हेंडगा फिरवून अंधार पडल्यावर गावात शिरलो तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी बॅटरी दिसली. आप्पा होते. एका दारापुढून दुसऱ्या दारापुढं. दहाव्यानंतर त्यांनी एक दिवस चुकवला नाही असं वडील म्हणाले. आमच्या दारापुढं आले, मी मागं अंधारात थांबलो. त्यांनी वडिलांना हाक मारली, वडील आतून "हाव" म्हणाले. आप्पा पुढं गेले नाहीत. तिथंच उभे राहिले, बॅटरी खाली, पायाकडं, आणि मला कळलं की ते मोजतायत. मग आतून नानी बाहेर आली, हाताला भांडी घासल्याची राख, उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मी हाव की."

आप्पांनी बॅटरी उचलली आणि खालच्या आळीकडं वळले.